हिरवी लहर

आसगावच्या समाजमंदिरात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. धान निघून गेलेलं, हात रिकामे, आणि वर तमाशा फुकट. मग माणसं येणार नाहीत तर काय? म्हातारे पुढं, सुना मागं, आणि खिडक्यांच्या गजांना अख्खी शाळा लटकलेली. समोर टेबलावर भला मोठा टीव्ही, आणि त्याच्या बाजूला पांढरा कोट घालून, कपाळावर अष्टगंधाचा टिळा ओढून उभे होते श्री तरंगगुरू. कोट डॉक्टरचा, टिळा बुवाचा. गिऱ्हाईक कुठल्याही बाजूनं आलं तरी दुकान उघडंच.

"माऊलींनो," गुरू म्हणाले, "मेंदूत चार लहरी असतात. अल्फा, बीटा, गॅमा आणि आत्मा. परदेशातल्या डॉक्टरांना पहिल्या तीनच सापडल्या. चौथीला तपश्चर्या लागते."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात वाजवल्या जागेश्वरनं. सत्तरीचा, धानाच्या बांधीत उभा जन्म गेलेला हा माणूस पहिल्या रांगेत बसला होता, कारण समोरच्या खुर्चीवर त्याची बायको होती. सत्यभामाबाईंच्या डोक्यावर रबरी टोपी, टोपीला रंगीबेरंगी वायरी, आणि टीव्हीवर लाल लाल वेड्यावाकड्या रेघा.

गुरूंनी बाईंच्या टाळूवर स्मृती-तेलाचे दोन थेंब सोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, आणि रेघा हिरव्या झाल्या. शांत, गुळगुळीत, पेरणीनंतरच्या तासांसारख्या.

"आता माऊली, मालकांचं नाव घ्या."

बाई लाजल्या. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला 'चंदाचे बाबा' याशिवाय हाक मारली नव्हती. धन्याचं नाव नुसतं ओठावर आणायचं नाही, घ्यायचं तर उखाण्यातच, ही तिकडची रीत. त्यांनी पदर सारखा केला आणि खणखणीत म्हटलं:

"वैनगंगेच्या काठी माहेराची खूण,
जागेश्वररावांचं नाव घेते, कारध्याची लेक, आसगावची सून."

समाजमंदिर दणाणलं. जागेश्वरनं दुपट्ट्यानं डोळे पुसले. सकाळी चहात मीठ घालणारी, स्वतःच्या घरात न्हाणीची वाट विचारणारी ही बाई नवऱ्याचं नाव विसरली नाही, एवढंच त्याला ऐकायचं होतं. मागचे चार महिने तो दर शिबिराला तिला आणत होता ते या एका क्षणासाठी.

वर्षापूर्वी लेकीनं, चंदानं, आईला नागपूरला नेलं होतं. चंदा तिथल्या एका दवाखान्यात मेंदूच्या लहरी नोंदवायचंच काम करते. तिनं स्वतःच्या हातानं आईच्या केसांत गार मलम लावून एकेक तार चिकटवली, मग आईला एमआरआयच्या गडगडणाऱ्या बोगद्यात झोपवून मेंदूचे फोटो काढून घेतले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तासभर गप्पा मारल्या, घड्याळाचं चित्र काढायला लावलं.

"वयाच्या मानानं विसरणं जास्त आहे," त्या म्हणाल्या. "पण आपलं सगळं त्या स्वतः करतात, म्हणून याला स्मृतिभ्रंश म्हणणार नाही. ही त्याच्या आधीची पायरी. काहीजण या पायरीवरच थांबतात, काही पुढं जातात. नुसत्या फोटोवरून न् लहरींवरून ते नक्की सांगता येत नाही. बीपीची गोळी चुकवू नका, रोज चालवा, सहा महिन्यांनी परत आणा."

"पन बरी होईन ना?" जागेश्वरनं विचारलं होतं.

"ते मला माहीत नाही."

झालं. जागेश्वरचं मन तिथंच विटलं. एवढी मोठी मशीन, एवढी शिकलेली बाई, आणि म्हणते काय तर माहीत नाही! सहा महिन्यांची तारीख धानाच्या रोवण्याच्या गडबडीत टळली. मग गावात तरंगगुरू आले. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी पाच बैठकांत बरी करतो म्हटलं, आणि गोळीनं लहर अडते म्हणून गोळी बंद करायला सांगितली. जागेश्वरनं पाकीट उकिरड्यावर फेकलं.

आज पाचवी बैठक. आणि आज चंदा न सांगता गावात आली होती. ती गर्दीतून वाट काढत पुढं आली.

"गुरुजी, मलाही लावा टोपी."

"तू कायले आली इथं?" जागेश्वर खेकसला. "माय बरी होऊन राहिली, ते पायवत नाई का तुले?"

"पाहायलाच आले, बाबा."

गुरूंना नाही म्हणता येईना. चंदानं टोपी चढवली. टीव्हीवर लाल रेघा आल्या. चंदानं डोळे गच्च मिटले, उघडले, पुन्हा मिटले. दात करकचून आवळले.

"बघा," ती लोकांकडे वळली. "मी दिवसाला दहा माणसांच्या लहरी काढते. खरी मशीन असली तर नुसती पापणी हलली तरी रेघेवर डोंगर उठतो. दात आवळले तर रेघ काळी होऊन जाते. ही रेघ हलली का कुठं?"

"तुमच्या मनात संशय आहे," गुरू हसून म्हणाले. "संशयी माणसाची लहर उमटत नाही."

"बरं, मग बिनसंशयाचं कोणी बघू."

गुरूंना शिधा म्हणून आणलेल्या भाज्यांच्या ढिगातून तिनं एक कोहळं उचललं, खुर्चीवर ठेवलं आणि त्याला टोपी घातली. रेघा तशाच चालू. खिडकीतली पोरं खिदळली. गुरू मात्र डगमगले नाहीत. म्हणाले, "वनस्पतीतही प्राण असतो, ताई."

"मग याची आठवण तेवढी हिरवी करून द्या."

लोक हसले. गुरू जागचे हलले नाहीत, तेव्हा चंदानंच टेबलावरची चादर उचलली. खाली पायानं दाबायचं बटण होतं. तिनं दाबलं. रेघा हिरव्या झाल्या. मग तिनं टोपीच्या वायरींचा जुडगा ओढला. तो कुठंच जोडलेला नव्हता, हातात मोकळा आला, आणि टीव्हीवर कोहळ्याची लहर हिरवीगार धावतच राहिली. शेवटी तिनं टीव्हीमागचा पेन ड्राइव्ह उपसला. पडदा निळा झाला.

"दोन व्हिडिओ आहेत. एक लाल, एक हिरवा. एवढीच यांची तपश्चर्या."

मग शेजारच्या सुलोचनाबाई हळूच म्हणाल्या, "मशीन खोटी असंल, मान्य. पन सत्यभामा तर खरी हाय ना वं? एवढा उखाणा घेतला तिनं."

"काकू, या आजारात जुनं शेवटी जातं. लग्न, माहेर, उखाणे, रोवण्याची गाणी, हे सगळं तेलाच्या आधीही होतंच तिच्याकडं. हे गुरुजी मुद्दाम जुनंच विचारतात. जातं ते नवं."

"मग विचारा की काहीही नवं," गुरू म्हणाले. नाइलाज होता बिचाऱ्याचा.

चंदानं आईकडे पाहिलं आणि तिची जीभ उचलेना. चारचौघांत आईला उघडं पाडायला ती आली नव्हती.

उठला तो जागेश्वर. त्याला लेकीचं तोंड एकदाचं बंद करायचं होतं. म्हणून त्यानं असा प्रश्न निवडला, जो या जन्मात कोणी विसरूच शकत नाही. दिवाळीतच सत्यभामाबाईंचा धाकटा भाऊ वासुदेव कारध्याला वारला होता. तिच्याच मांडीवर डोकं ठेवून. अर्धं आसगाव मातीला गेलं होतं.

"चंदाची माय, सांग ह्या लोकायले. वासुदेवले काय झालं?"

सत्यभामाबाई हसल्या.

"त्याले काय होते? शिवरात्रीले येतो म्हने. त्याले पन बसवा ह्या टोपीखाली, तोही लय विसरून राहिला आजकाल."

सुलोचनाबाईंनी तोंडाला पदर लावला. गुरू पुढं झाले, "आत्म्याच्या लहरीत मृत्यू नसतोच, म्हणून माऊलींना..."

"चूप," जागेश्वर म्हणाला. आवाज चढवून नाही. पुढं पोलीस पाटलानं गुरूंच्या गाडीची किल्ली काढून घेतली, पवनीच्या ठाण्यातून शिपाई आले, पेन ड्राइव्ह जप्त झाला, ते सगळं झालं. जागेश्वरनं त्यातलं काही पाहिलं नाही. तो बायकोचा हात धरून घरी गेला.

"सगळे चूप काहून झाले?" रस्त्यात तिनं विचारलं. "मी काही चुकीचं बोलली का?"

घरी त्यानं तिला खरं सांगितलं. ती पहिल्या दिवशी रडली होती तशीच रडली. भिंतीला डोकं टेकून, भावाचं नाव घेत, मले काहून नाही सांगतलं म्हणत. चंदा तिला धरून बसली. तासाभरानं तिनं तोंड धुतलं, चहा मांडला आणि विचारलं, "शिवरात्रीले वासुदेव येईन, त्याच्यासाठी काय करायचं जी?"

जागेश्वरला पुन्हा सांगवेना. "त्याले आवडते ते कर," तो म्हणाला, आणि परसात जाऊन पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी ते नागपूरला गेले. बीपी भलतंच चढलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मागच्या वर्षीचा फोटो आणि आजचा शेजारी शेजारी लावून दाखवले. आजच्यात दोन बारीक ठिपके नवे होते. रक्त न पोचल्यानं तेवढी जागा मेली होती.

"गोळी बंद केल्यानंच झालं का हे?"

"छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार. पण गोळी बंद करायला नको होती."

"तारखेवर आनलं असतं तर वाचलं असतं?"

"मला माहीत नाही, काका."

या वेळी त्याला राग आला नाही. एवढ्या दिवसांत आपल्याशी खोटं न बोललेलं हे एकच माणूस, असं त्याला वाटलं. त्यानं गोळ्यांची चिठ्ठी दोनदा वाचून घेतली.

आता आजूबाजूच्या गावांतून लोक जागेश्वरकडे येतात. कोणाचा बाप शेताची वाट चुकतो, कोणाची आई एकच गोष्ट दहादा विचारते. कुठं न्यावं, कोणाचा गुण येतो, विचारतात. सत्यभामाबाई बाजूला बसून सगळ्यांना चहा घेता का विचारतात, घेतलेल्यांनाही. जागेश्वर बायकोसमोर आवाज उतरवून बोलतो.

"दवाखान्यात न्या, बाप्पा. लवकर न्या. रक्त तपासा, कोनाकोनाचं नुसत्या गोळीनंही सुधरते. तो डॉक्टर बरं करतो म्हननार नाई. मले माहीत नाई म्हनन. त्याचाच भरोसा करा. जो पयल्याच दिवशी सगळं माहीत हाय म्हन्ते, त्याच्या दारातून उठून या. मले खरं ऐकवत नव्हतं, म्हनून मी खोट्याच्या दारात गेलो. त्यानं मले फसवलं नाई, मीच फसाले गेलतो. आन् त्याची फेड माही बायको करून राहिली."