ऑफिसमागचं रानगवत

सोमवारी सकाळी ऑफिसच्या फाटकातून आत शिरले आणि बघते तर काय! माझ्याकडे सोपवलेली मागची बाग गायब! तीन वर्षं वाढवलेलं कंबरेएवढं रानगवत मुळापासून छाटलेलं. पावसाचं पाणी मुरावं म्हणून खणून घेतलेला खड्डा मातीने बुजवलेला. झाडांखालचा पाचोळासुद्धा ठेवला नव्हता मेल्यांनी.

दहा वाजता जकार्ताच्या मुख्य कचेरीतून साहेब यायचे होते. बाग पटली तर राहणार, नाही तर तिथे मोटरसायकलींसाठी फरशी. कागद तयार होता, सही तेवढी बाकी होती.

तशीच तरातरा पहारेकरी पाक तुगिमान यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. इथे पुरुषांना मानाने पाक म्हणतात आणि बायकांना बू. ते आपले खुशीत हसत होते. शनिवारी अख्ख्या ऑफिसने श्रमदान केलं म्हणे. आमच्या सेमारांगात मोठा पाहुणा यायचा म्हटलं की आवार लख्ख करतातच, ते मला कुणी शिकवायला नको. पण ड्रायव्हरपासून मॅनेजरीणबाईंपर्यंत झाडून सगळे कोयते घेऊन आले होते, घरून सोयाबीनचे टेंपे तळून आणले होते, आणि मला एका शब्दाने कळवलं नव्हतं. का, तर मला अचानक खूश करायचं होतं. डोंबल माझं!

मी तोंड सोडणारच होते, तेवढ्यात चहा करणाऱ्या बू सुलास्त्री आल्या. साठीच्या बाई, बोटाला चिंधी बांधलेली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "आता कुणी नावं ठेवणार नाही तुम्हाला."

"मला? कशाबद्दल?"

"गवत कापायला माणसं मिळत नव्हती ना तुम्हाला. तीन वर्षं बघतोय आम्ही. तोंडावर कसं बोलायचं? तुम्हाला लाज वाटली असती."

पाणी कुठे मुरतं, चतुर किडे अंडी कुठे घालतात, कुठलं गवत का राखलं, हे सगळं मी मुख्य कचेरीतल्या साहेबांना नकाशे लावून समजावलं होतं. मधेच बू सुलास्त्री चहा घेऊन आल्या की मी बोलायची थांबायचे. त्या बाहेर गेल्या की पुढे सुरू.

साहेब आले. मोकळी जमीन बघून खूश झाले. सपाट करून ठेवलीत, फरशीचं काम सोपं झालं, असं म्हणून त्यांनी तिथेच मोटारीच्या बॉनेटवर सही ठोकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बू सुलास्त्री मात्र गोंधळल्या. "फरशी? मग बाग कुठे करणार तुम्ही?"

"हीच बाग होती, बू. ते गवत मी मुद्दाम वाढवलं होतं."

त्यांनी वळून त्या उघड्या जमिनीकडे पाहिलं. चेहरा पार उतरला होता त्यांचा.

"एकदा सांगायचं तरी," त्या म्हणाल्या. "आम्ही राखण केली असती."