चांदणी लावलेलं वाक्य

बाईंनी लाल पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि चिमणीच्या लेखातल्या बाराव्या उदाहरणाभोवती गोल काढला. गोल जरा जोरातच निघाला, कागद फाटला.

“इथली चांदणी कुठे गेली?”

“नाहीच आहे, बाई. आजी म्हणतात तसं.”

भाषेच्या अभ्यासकांचा रिवाज असा, की जे वाक्य त्या भाषेचा माणूस कधीच बोलणार नाही, त्याच्या आधी चांदणी (*) छापायची. पोलिसाच्या खांद्यावरची चांदणी बढतीची, ही बडतर्फीची. आजींच्या भाषेतलं ‘माझ्या पायांना तेल चोळ’ अशा अर्थाचं वाक्य बाईंनी आपल्या पुस्तकात असंच बडतर्फ केलं होतं. आणि कालची ही पोर, जिला सगळा विभाग चिवचिवाटामुळे चिमणी म्हणायचा, तेच वाक्य बिनचांदणीचं छापायला निघाली होती. तेही त्याच आजींच्या नावावर!

आजी बाईंच्या होत्या. म्हणजे, त्या विरत चाललेल्या भाषेतलं पहिलं वाक्य बाईंनीच त्यांच्याकडून टिपून घेतलं होतं. चिमणीचे तेव्हा बहुधा दुधाचे दात पडत होते. अलीकडे मात्र तिच्या तोंडी ऊठसूट ‘आमच्या आजी’. ते ‘आमच्या’ बाईंना घासातल्या खड्यासारखं लागे.

“मी स्वतः विचारून येते. खोटं निघालं तर लेख परत.”

“विचारा की,” चिमणी म्हणाली खरी, पण तिचा चेहरा उतरला. या लेखावर तिची नोकरी कायम व्हायची होती.

बाईंना दारात पाहताच आजी धडपडत उठल्या. सुनेला हाक मारून घरातली एकुलती एक खुर्ची मागवली, हाताने झटकली. चहा टवका न उडालेल्या कपातून आला. बाईंना बरं वाटलं. मान तो मान.

मग त्यांनी आजींच्या भाषेत ते वाक्य म्हटलं. “असं म्हणता तुम्ही?”

“छे छे! असं कसं म्हणेन?”

बाईंच्या हातात पेन आपसूक आलं. “पण चिमणी लिहिते, तुम्ही म्हणता.”

“तिला ना? तिला म्हणते की!” आजींचं तोंड भरून हसू आलं. “पोर येते, खाली फतकल मारते, उरलंसुरलं जेवते. मागल्या खेपेला माझे पाय तिच्या मांडीवरच होते. तुम्ही पुस्तक लिहीत होतात तेव्हाही असंच विचारलं होतंत. मी घाबरून नाही सांगितलं. म्हटलं, बाईंना वाटायचं त्यांनाच सांगतेय.”

बाई खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसल्या. तेलाची बाटली भिंतीशीच होती. त्यांनी ती हातात घेतली.

आजींनी झटकन पाय पांघरुणात ओढले.

“अहो, हे काय भलतंच! सूनबाई, बाईंना खुर्ची दे आधी.”

दुसऱ्या दिवशी चिमणी टेबलापाशी उभी राहिली. बसली नाही.

“काय म्हणाल्या आमच्या... म्हणजे, आजी?”

“म्हणतात. तुझं बरोबर आहे.” बाईंनी सही केली आणि लेख पुढे सरकवला.

चिमणीचा जीव भांड्यात पडला. तिची चिवचिव लगेच सुरू झाली. “मग तुमच्या पुस्तकातली चांदणी, बाई? नव्या आवृत्तीत काढून टाकू ना?”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. ते नीट बसलं की नाही, पुन्हा दाबून पाहिलं.

“चांदणी राहू दे,” त्या म्हणाल्या. “खाली बारीक अक्षरांत टीप घाल: ‘पाहुण्यांसमोर’.”