चांगुणेचं बसकर

मुंबई सोडताना चांगुणेनं पलंग विकला, शिवणाचं मशीन विकलं, भिंतीवरचं घड्याळ शेजारणीला तसंच देऊन टाकलं. बसकर मात्र ती कुणाला हात लावू देईना. गिरणीतल्या वाया गेलेल्या जाड कापडाचे तुकडे जोडून तिनं ते स्वतः शिवलेलं होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचणारं लांबलचक बसकर. त्यावर तिच्या खानावळीची पंगत बसायची.

लालबागच्या मागच्या गल्लीत तिची एकच खोली. नवरा सहादेव मागावर, आणि ही चुलीवर. नगर, बीडकडची एकटी राहणारी माणसं तिच्याकडे महिन्यानं जेवायला असायची. खोली एवढीशी, जेवणारे ढीग. पाळी सुटली की जिन्यात रांग लागायची. चांगुणा काठवटीवर भाकरी थापता थापता ओरडायची, "सरका रं जरा! मागं मानूस हुबा हाय!" मग गुडघ्याला गुडघा लागायचा, मांडीवर मांडी चढायची, आणि उभा माणूस बसायचा. कोण कुणाच्या शेजारी बसला हे बघायला तिथं कुणाला सवड होती? भूक लागलेली असायची आणि भोंग्याची धास्ती असायची.

त्या पंगतीत कानिफनाथ असायचा. सहादेवाच्या भावकीतलाच, खर्ड्याचा. आणि त्याच्या शेजारी भीमा असायचा. भीमाही खर्ड्याचाच, पण वेशीपलीकडच्या बौद्धवाड्यातला. दोघं एका खात्यात, एका पाळीला, म्हणून जेवायलाही बरोबरच यायचे. चांगुणेची पुढची भाकरी तव्यावर असली आणि कानिफनाथाला दम निघाला नाही, की तो भीमाच्या ताटातली अर्धी मोडून घ्यायचा. वर त्याच्याच ताटातला ठेचा बोटानं ओढायचा. भीमा म्हणायचा, "खा, खा. तुझ्या बापानं माझ्या बापाला कवा अर्धी दिली न्हाई, तू माझी पुरी खा." सगळी पंगत हसायची. कानिफनाथही हसायचा, तोंड भरलेलं असायचं तरी.

पुढं कानिफनाथ गिरणी सोडून गावाकडं गेला. आणि काही वर्षांनी सहादेवाची छाती भरली. कापसाची धूळ. दवाखान्यातल्या डॉक्टरनं काचेसमोर फोटो धरला आणि सांगितलं, "ह्यांना जगवायचं असेल तर मुंबईबाहेर काढा. कोरड्या हवेत न्या."

कोरडी हवा खर्ड्यासारखी कुठं मिळणार! नगर जिल्ह्याच्या पार टोकाला, जामखेडच्याही पुढं. त्या साली तर तिथं हवेशिवाय दुसरं काही उरलंच नव्हतं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला होता.

निघायच्या दिवशी सहादेवाला जिना उतरवेना. भीमानं त्याला पाठीवर घेतलं आणि खाली ट्रकमध्ये नेऊन बसवलं. मग परत वर येऊन बसकराची वळकटी केली, सुतळीनं आवळली. म्हणाला, "आक्का, गावाला गेल्यावर ही पयली सोडा. दडपून ठिवलं तर कसर लागंल."

"तू कवा येतूस गावाला?"

"मला कोन बोलवतंय गावाला?"

"मी बोलवीन की," चांगुणा म्हणाली.

गावानं तिचं नाव ठेवलं म्हमईवाली. सहादेवाच्या वाटणीला आलेले दोन खण होते, पत्र्याला भोकं होती. बायका येऊन तिची पातळं बघून गेल्या. गोजरबाई नावाची शेजारीण दारातच फतकल मारून म्हणाली, "म्हमईवाली, हितं भिंतीत नळ न्हाई बरं का. तोटी हुडकत बसशील."

"नळ न्हाई ते दिसलं," चांगुणा म्हणाली. "विहिरीत पानी न्हाई ते बी दिसलं. आता मानसं बघायची राह्यलीत."

गोजरबाई उठून गेली ती महिनाभर बोलली नाही.

वीस वर्षं आपण या गावाची पोरं जेवू घातली, तेव्हा गाव आपल्याला उचलून धरील, असं चांगुणेला वाटलेलं होतं. पण जेवलेली पोरं अजून मुंबईतच होती, आणि गावात होते ते तिच्या हातचं कधी जेवले नव्हते. सहादेव दिवसभर आतल्या खणात पडून राहायचा. खोकला कमी झाला होता, तेवढं खरं. घरात दाणा नव्हता. रेशनवर तांबडा मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळायचा, त्याची भाकरी चामड्यासारखी व्हायची. ती रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला निघाली, तेव्हा कानिफनाथ आडवा आला.

तो आता त्या कामावर मुकादम होता. डोक्याला फेटा, हातात छत्री, बोलण्यात वजन.

"वैनी, तुमी खडी फोडनार? आन् मग आमाला जेवू कोन घालनार? कामावर ओव्हरसिअर हायेत, मिस्त्री हायेत, ट्रकवाले हायेत. सगळी परगावची मानसं, त्यांच्या जेवनाचे हाल हायेत. बसकर आनलंय न्हवं? मग टाका की."

"आन् पानी, भावजी? हंडाभर पान्यात खानावळ चालती व्हय?"

"पान्याचं माझ्याकडं लागलं."

गावात पाणी टिकून होतं ते एका विहिरीला. ती कानिफनाथाच्या भावकीची. मुंबईला गेलेल्या सहादेवाचा तिच्यात वाटा उरला नव्हता. दुसऱ्याच दिवसापासून चांगुणेच्या दारात सकाळ-संध्याकाळ कावड येऊन पडायला लागली. तिनं वळकटी सोडली, बसकर झटकलं आणि अंथरलं. अंगणाला लागून पडवी होती, तिच्या मापाला ते थोडं लांबच झालं. टोक दुमडावं लागलं. मुंबईच्या खोलीत पुरायचं नाही, आणि इथं उरलं.

खानावळ चालली. मिलोचीच भाकरी, पण चांगुणा पीठ गरम पाण्यात मळायची, त्यामुळं ती मऊ राहायची. ओव्हरसिअर कोकणातले, शामकांत नावाचे, तरुण. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, या गावात आल्यापासून आज जेवलो." सहादेवाच्या औषधाची सोय झाली. पत्र्याची भोकं बुजली. गोजरबाई परत बोलायला लागली आणि निवडण-टिपणाला येऊन बसायला लागली.

एकदा शामकांतांनी विचारलं, "मुकादम, तुम्ही मुंबईला होता म्हणता. तिथं जेवायचे हाल होत असतील?"

"हाल कसले?" कानिफनाथ म्हणाला. "हीच वैनी, हेच बसकर. सगळी आपल्यातली मानसं हो. घरचीच पंगत."

चांगुणा आमटी वाढत होती. तिचा हात ओगराळ्यासकट थबकला. कानिफनाथानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं, अगदी सहज पाहिलं. ती म्हणाली, "आमटी घ्या आनखी," आणि पुढं सरकली. घास गिळावा तसं तिनं ते गिळलं. आणि गिळता आलं याचंच तिला पुढं नवल वाटत राहिलं.

त्यानंतर पंधरवड्यात भीमा गावाला आला. गिरणीत कुणाच्या गैरहजेरीतलं बदलीचं कामही मिळेना, आणि इकडं म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. त्याच रस्त्यावर, त्याच कानिफनाथाच्या हाताखाली तो खडी फोडायला लागला. चांगुणा ट्रकवाल्यांचे डबे घेऊन तिकडं गेली होती. खडीच्या ढिगाआडून हाक आली, "आक्का, बसकराला कसर लागली का न्हाई?"

तिला इतका आनंद झाला की डब्याची चळत खाली ठेवून ती भर रस्त्यात हसली. गावात आल्यापासून ती अशी हसली नव्हती. "मेल्या, कवा आलास? वाळलास किती! रविवारी ये जेवायला. बसकर तेच हाय. मालक बी आठवन काढत्यात."

"येऊ?" भीमानं विचारलं. हातोडी त्यानं हातातच धरली होती.

"ये म्हंते न्हवं!"

आजूबाजूला खडी फोडणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. ते चांगुणेला दिसलं नाही. मुंबईची सवय, दुसरं काय.

शनिवारी संध्याकाळी कावड आली नाही. तिच्याऐवजी कानिफनाथ आला. बसला नाही, छत्रीच्या टोकानं अंगण उकरत राहिला.

"वैनी, तुमी उद्या कुनाला जेवायला सांगितलंय म्हनं."

"भीमाला. तुमचाच जोडीदार."

"म्हमईची गोष्ट येगळी हुती."

"कशी येगळी? भाकरी येगळी हुती का त्वांड येगळं हुतं?"

"तुमी मला बोलू नगा," कानिफनाथ आवाज चढवून म्हणाला, आणि मग लगेच उतरवून, "माझं काय न्हाई हो. मी त्याच्या ताटातलं खाल्लंय, मी कशाला नाकारू? पर विहीर माझ्या एकट्याची न्हाई. भावकीची हाय. म्हातारे म्हनत्यात, त्यो बसकरावर बसला आन् तांब्याला हात लावला, की आपली कावड त्या घरात जायाची न्हाई. मिस्त्री लोकं बी आपल्यातलीच हायेत. ती उठून जातील. मग करा खानावळ, आन् घाला मालकाला औषीद."

आतल्या खणात सहादेव खोकला. कानिफनाथानं तिकडं बघितलं आणि म्हणाला, "कावड सकाळी येईल. तुमी शान्या हायेत."

कावड आली. चांगुणेनं ती ओतून घेतली.

रविवारी दुपारी पंगत बसली. शामकांत, त्यांचे मिस्त्री, दोन ट्रकवाले, आणि टोकाला कानिफनाथ. गोजरबाई चुलीपाशी. चांगुणेच्या मनात सारखं येत होतं, तो येणार नाही. त्याला कुणी तरी सांगितलं असेल. गावातली माणसं वाईट, सांगितल्याशिवाय राहतात कशाला! ती मनातल्या मनात त्या माणसांना विनवीत होती, की सांगा रे त्याला.

भीमा आला. धुतलेला शर्ट, डोक्याला पाणी लावून विंचरलेले केस. त्याला सगळं सांगितलं गेलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरीही तो आला होता. अंगणात उभा राहिला. पंगत बघितली, बसकर बघितलं. कानिफनाथाच्या शेजारी बसकराची दुमडलेली घडी मोकळीच होती. अंगणात उलगडली असती तर आणखी दोघं बसले असते.

"आक्का," तो म्हणाला, "कुठं बसू?"

विचारणं साधं होतं. गेली वीस वर्षं याचं उत्तर तिच्या तोंडात तयार असायचं. सरका रं जरा. एवढंच. तिनं तोंड उघडलंही. पण नजर गेली रांजणाकडं, आणि रांजणावरून आतल्या दाराकडं.

"भीमा," ती म्हणाली, "भाकरी बांधून देते."

पंगतीत कुणी घास घेतला नाही. भीमा थोडा हसला.

"बांधून? मी काय परगावाला चाललोय व्हय, आक्का? ह्याच गावात जल्मलोय मी." मग तो कानिफनाथाकडं वळला. "मुकादम, ठेचा लागतोय का रं अजून? का दुसऱ्याच्या ताटातलाच ग्वाड लागायचा?"

कानिफनाथानं ताटावरची मान वर केली नाही. "कामाचं बोलनं कामाच्या जागी," तो म्हणाला.

"व्हय. आन् जेवनाचं जेवनाच्या जागी. ती जागा म्हमईला राह्यली." भीमानं चांगुणेकडं एकदा बघितलं. रागानं बघितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. अनोळखी घराचं दार चुकून ठोठावल्यावर माणूस बघतो, तसं त्यानं बघितलं, आणि गेला.

पंगत पुन्हा जेवायला लागली. शामकांतांनी पाण्याचा तांब्या घेत विचारलं, "कोण हो तो? तुम्हाला आक्का म्हणत होता."

त्यांनी कानिफनाथाला विचारलं नव्हतं, चांगुणेला विचारलं होतं. आणि बोलायला तिला कुणीच भाग पाडत नव्हतं. कानिफनाथ तर ताटात डोकं खुपसून बसला होता.

"कुनी न्हाई," चांगुणा म्हणाली. "कामावरचा मानूस हाय."

गोजरबाई चुलीपासून म्हणाली, "बग, आता तू गावची झालीस."

जेवणं आटपली. ताटं राखेनं घासून झाली. बसकर गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं. चांगुणा सहादेवाचं ताट घेऊन आत गेली. तो भिंतीला टेकून बसला होता. ताटाकडं त्यानं बघितलं नाही.

"त्यानं मला पाठीवर घिऊन जिना उतरवला," तो म्हणाला.

"ठावं हाय."

"मलाबी बांधून दे उद्यापसनं. मी येशीपशी जाऊन खाईन त्याच्यासंगं."

तेव्हा मात्र चांगुणेचा बांध फुटला. आवाज तिनं वर जाऊ दिला नाही, बाहेर गोजरबाई होती. "खावा की. आन् भाकरी कुठनं आनू? पीठ कुनाच्या पान्यानं मळू? दाराआड बसून समदं ऐकत हुता तुमी. एक हाक मारायची हुती, भीमा, आत ये म्हनून. आतल्या खनात बसून दोघं जेवला असता. मी काय आडवी आले असते? कावड बंद झाली असती तर तुमच्या हाकंनं झाली असती. हाक तुमाला बी मारवली न्हाई. आन् आता मला बोलताय!"

सहादेवानं ताट पुढं ओढून भाकरी मोडली. मऊ होती. पहिला घास त्याच्या घशात अडकला आणि खोकल्याची उबळ आली. थांबेना. तो छाती धरून वाकला आणि त्यानं रिकामा हात पुढं केला.

चांगुणेनं रांजणातलं पाणी तांब्यात घेऊन त्याच्या हातात दिलं. तो घटाघटा प्यायला. तांब्या रिकामा करून त्यानं परत पुढं केला, आणि तिनं पुन्हा भरून दिला.