दाबून भरलेली वाटी

बुधवारी सकाळी मुलीच्या दंडावर आणखी एक काळानिळा डाग दिसला. कुठे आपटलीस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नाही बाबा. आणि मोजत बसू नका, चार झालेत."

तिच्या हृदयात धातूची झडप आहे. रक्त पातळ राहावं म्हणून ती रोज गोळी घेते. पालेभाजी त्या गोळीच्या उलट काम करते. म्हणून भाजी रोज खायची, पण रोज तेवढीच. कमी पडली तर रक्त फार पातळ होतं, जास्त झाली तर झडपेवर गुठळी धरते. अकरा वर्षं आमच्या हिने एकदाही गडबड होऊ दिली नाही. ही जाऊन सहा आठवडे झाले. रक्ताचे मागचे दोन्ही रिपोर्ट बिघडलेले आले.

आहार सांगणाऱ्या बाईंनी मला विचारलं होतं, "किती भाजी देता?"

"एक वाटी. चिरलेला पालक. हिच्या वहीत तसंच लिहिलंय. वाटीसुद्धा तीच."

"वाटी म्हणजे किती ग्रॅम?"

मी हार्डवेअरच्या दुकानात एकतीस वर्षं खिळे तोलतो आहे. पण ही वाटी कधी काट्यावर ठेवली नव्हती.

"गोळी त्यांच्या हातच्या भाजीवर बसवलेली आहे," बाई म्हणाल्या. "ते वजन कळल्याशिवाय नुसती गोळी बदलत राहण्यात अर्थ नाही. गुरुवारी येताना लिहून आणा."

दुकानातला छोटा काटा घरी आणला. पालक धुतला, फडक्यावर कोरडा केला, बारीक चिरला. वाटी भरली: बावीस ग्रॅम. वाटी ओट्यावर आपटून परत भरली: एकतीस. शीग लावली: अडतीस. एकाच वाटीची तीन उत्तरं. खिळे वाटीने विकत नाहीत ते बरं.

वही पुन्हा चाळली. पानापानावर नुसतं 'एक वाटी'. उद्या कोणता आकडा लिहू? अंदाजाने लिहायचं म्हणजे पोरीच्या जिवाशी खेळ.

"आई चिरायची तेव्हा कधी शेजारी उभं राहून बघितलं नाहीत?" मुलीने विचारलं.

"तू तरी कुठे बघितलंस?"

ती ओट्यावर सांडलेला पालक वेचायला लागली. मी तसं बोलायला नको होतं. मग ती म्हणाली, "फ्रीजरमधली पिशवी काढा."

मी ती अगदी मागे, बर्फाच्या ट्रेखाली ठेवली होती. मुलीला ठाऊक नसेल असं मला वाटत होतं. दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी हिने पाच दिवसांची भाजी चिरून, एकेक वाटी मोजून पाच पिशव्यांत गोठवली होती. चार मुलीने खाल्ल्या. पाचव्या दिवशी ही गेली. पाचव्या पिशवीला मी कुणाला हात लावू दिला नाही.

"नाही," मी म्हणालो.

"बाबा, ती माझीच भाजी आहे."

पिशवी बाहेरून पुसून काट्यावर ठेवली. तसल्याच रिकाम्या पिशवीचं वजन वजा केलं. चौसष्ट ग्रॅम. तीन वेळा ठेवून बघितली. एकाच पिशवीचं वजन, पण दुसरं माझ्याकडे काही नव्हतं. आतला गोठलेला गोळा वाटीच्याच आकाराचा होता. सपाट बाजूला मधोमध एक खळगा होता, अंगठा रुतेल एवढा.

मी चिरलेला पालक वाटीत घालून अंगठ्याने दाबला. पंचेचाळीस. आणखी घातला, दाबला: त्रेपन्न. चौसष्टपर्यंत जायला मला ओट्यावर अंगाचा भार टाकावा लागला. अंगठ्याच्या मुळाशी कळ उठली.

ही म्हणायची, अंगठा फार दुखतो. मी म्हणायचो, "दिवसभर खिळे मी तोलायचे आणि हात तुझा दुखायचा." पाहुण्यांसमोरही हेच सांगायचो. सगळे हसायचे. तीही हसायची.

कागदावर चौसष्ट लिहिलं. मुलगी कढई तापत ठेवून उभी होती.

"आज हीच करू," ती म्हणाली. "आजचं तरी माप बरोबर असू दे."

मी पिशवी हातात धरून उभा राहिलो. बोटं बधिर झाली. गोळा कडेने सुटायला लागला. खळग्यात पाणी साचलं तेव्हा मी पिशवी तिच्या हातात दिली.