लाल पट्टीपुढची जीप

जयंत सबनीस साहेबांना एक खोड होती. चारचौघांत बोलायची लाज वाटावी असं जे काही असेल, ते ते मराठीत बोलायचे. कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या त्या कंपनीत मराठी कळणारी दुसरी एकटी श्यामला. ती कोलकात्यातल्याच बागबाजारात जन्मलेली, आणि तिच्या बंगाली वळणाच्या बागबाजारी मराठीची ते उठताबसता टर उडवायचे. श्यामलाने त्यांची किंमत कधीच करून टाकली होती. पुण्याहून बदलून आलेला हा गृहस्थ धावपट्टीवरच्या दिव्यांची यंत्रणा विकायचा, आणि त्याच्या लेखी ती दिवाळीची माळ होती.

त्या धुकट सकाळी विमानतळाचे तीन अधिकारी यंत्रणा बघायला जीपमध्ये मागे बसले होते. विमानतळाच्या आत गाडी चालवायचा परवाना श्यामलाकडे, म्हणून स्टिअरिंग तिच्या हातात. धावपट्टीच्या तोंडाशी जमिनीत बसवलेल्या लाल दिव्यांची आडवी पट्टी पेटलेली होती. टॉवरने परवानगी दिली की ती विझते आणि पुढचे हिरवे दिवे लागतात. तोवर कुणी हलायचं नाही, इतका साधा नियम.

शेजारी बसलेले साहेब मागच्या पाहुण्यांकडे बघून गोड हसले आणि तसंच हसत मराठीत म्हणाले, "चल, घाल गाडी पुढे. आपणच बसवलेले दिवे, ते आपल्यालाच अडवणार?"

"सर, टॉवर काही बोललेला नाही."

"चहा पीत बसले असतील लेकाचे. समोर काही दिसतंय का तुला?"

"धुकं दिसतंय."

"शहाणपणा नको. पाहुणे ताटकळलेत. हलवणार नसशील, तर उद्यापासून कामावर येऊ नकोस."

घर तिच्याच पगारावर चालत होतं. तिला भीती वाटली, पण भीतीपेक्षा किळस जास्त आली. स्वतः विकलेल्या दिव्यावर या माणसाचा काडीचा विश्वास नाही! तिने इंजिन बंद करून किल्ली मुठीत घट्ट धरली.

साहेबांनी किल्लीसाठी हात पुढे केला, तेवढ्यात धुक्यातून एक विमान उतरलं आणि जीपच्या नाकासमोरून सुसाट गेलं. काचा थरथरल्या. मागे कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

साहेब पांढरेफटक पडले. पण कातडी गेंड्याची, लगेच सावरून इंग्रजीत म्हणाले, "बघितलंत? आमची यंत्रणा माणसाला चूक करूच देत नाही!"

मागच्या तिघांतले वयस्कर दासबाबू पुढे वाकले. त्यांनी श्यामलाला बंगालीत विचारलं, "मघाशी हे तुला काय सांगत होते?"

"बोलू नकोस हं," साहेब मराठीत कुजबुजले. "आपण एकमेकांची माणसं."

लहानपणापासून ज्या बंगालीत ती गल्लीत भांडली होती, त्याच बंगालीत श्यामलाने सगळं सांगितलं, धमकीसकट.

लाल पट्टी विझली, हिरवे दिवे लागले. टॉवरनेही रेडिओवर जायला सांगितलं.

"आता तरी चल," साहेब पुटपुटले.

"गाडी वळव, मा," लेकीला हाक मारावी तसे दासबाबू म्हणाले. "आधी यांना फाटकाबाहेर सोडू."