दोन खुणांचं उत्तर

शाळेत बाईंना सगळे चौकशीखिडकी म्हणायचे, आणि त्यांना ते चांगलं ठाऊक होतं. हुद्दा समुपदेशकाचा. शेवटच्या वर्षातल्या मुलांनी कुठल्या कॉलेजांत अर्ज करायचे, कुठे काय शिकवतात, वसतिगृह मिळतं की नाही, हे सगळं त्यांच्या खोलीत ठरायचं. खोली म्हणजे तरी काय, ग्रंथालयाच्या कोपऱ्यात प्लायवूडची भिंत घालून काढलेला तुकडा. आत दोन संगणक, त्यातला एक कायम रुसलेला. पण बाईंना त्या खोलीचं कोण कौतुक! मूल आत आलं की "तुला काय व्हायचंय?" असं त्या चुकूनही विचारत नसत. तो प्रश्न म्हणजे शुद्ध छळ आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या विचारायच्या, "सध्या कशात नाक खुपसून बसलायस?" मग मूल मुंग्यांबद्दल सांगो नाहीतर इंजिनांबद्दल, बाई चवीनं ऐकत बसायच्या. स्वतःचं नाक तर त्यांनी कुठे खुपसलं नाही असं ठिकाणच नव्हतं.

एका मुलीपाशी मात्र त्यांचं घोडं अडलं. शिंप्याची मुलगी. हुशार, बोलायला चुरचुरीत, पण कॉलेजचा विषय निघाला की तोंडाला कुलूप.

"मी इथल्याच कॉलेजात जाणार, बाई. विषय कुठलाही चालेल."

कुठलाही चालेल! बाईंना अन्न गोड लागेना. बरं, कुठलाही विषय चालणारी ही पोरगी रोज मधल्या सुट्टीत रुसलेल्या संगणकाला लाडीगोडी लावून लांबच्या एका कॉलेजचं भूगर्भशास्त्राचं पान उघडायची. दगडांचे फोटो बघत बसायची, आणि कोणाची चाहूल लागली की पान झटकन बंद. आता हे बघून जी बाई गप्प बसेल ती चौकशीखिडकी कसली? त्यांनी सरळ तिच्या आईवडिलांना भेटायला बोलावलं.

दोघं आले. वडिलांच्या कॉलरला दोरा ओवलेली सुई तशीच टोचलेली. आई नीटनेटकी, नजर तीक्ष्ण. दोघांनाही लहानपणापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे मुलगी मधे बसली. बाई बोलणार आणि ती खुणांच्या भाषेत सांगणार, असा बेत होता.

बाई सुटल्या. ते लांबचं कॉलेज, तिथली प्रयोगशाळा, मुलांना डोंगरांत नेऊन शिकवायची पद्धत, मुलींचं वसतिगृह, सगळं अगदी रंगवून सांगितलं. पोरीनं शांतपणे ऐकलं आणि हातांनी दोन खुणा केल्या. दोनच. वडील छान हसले. आईनं मान डोलावली.

"ते म्हणतायत, इतक्या लांब नको," मुलगी म्हणाली.

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "माझं एवढं पुराण दोन खुणांत आटोपलं?"

"आमची भाषा आटोपशीर असते, बाई."

बाईंना त्या भाषेतलं ओ का ठो कळत नव्हतं. पण माणूस नको म्हणताना इतकं गोड हसतो का? हा प्रश्न काही त्यांच्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी कोटाचं अस्तर उसवल्याचं निमित्त करून त्या शिंप्याच्या दुकानात गेल्या. (अस्तर त्यांनीच उसवलं होतं, हे सांगायला हवं.) दुकान लहान पण लख्ख. मोठ्या टेबलावर कापड बेतायचं काम चाललेलं, मागे आई मशीनवर काजं करत होती. तिथली रीत बाईंना फार आवडली. गिऱ्हाइकानं बेतायचा खडू उचलायचा, टेबलाच्या काळ्या कडेवर काय हवं ते लिहायचं. शिंपी खाली उत्तर लिहायचा आणि फडक्यानं पुसून टाकायचा. घासाघीससुद्धा तिथेच, खडूनं. एका गिऱ्हाइकाला तर शिंप्यानं बाईंसमोर असं काही खरमरीत लिहून दाखवलं की तो बापडा मुकाट्यानं कबूल झाला.

बाईंची पाळी आली. अस्तराचं लिहून झाल्यावर त्यांनी धीर करून खाली लिहिलं, "मुलीला त्या कॉलेजात का पाठवत नाही?"

शिंप्यानं वाचलं, परत वाचलं. मग लिहिलं, "कुठल्या कॉलेजात?"

बाईंनी लिहिलं, "काल सांगितलं ते."

आई मशीन सोडून पुढे आली, तिनंही वाचलं. तिनं खडू घेतला. "ती म्हणाली, तुम्ही तिचं कौतुक करताय."

म्हणजे त्या दोन खुणा ह्या होत्या! बाईंनी मग सगळं लिहून काढलं, जागा संपली की पुसून पुन्हा. नवराबायकोचे चेहरे इतके पडले की बाईंना वाटलं, आपण उगाच आलो.

आणि तसं वाटायला कारणही लवकरच मिळालं. सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आत मुलगी खोलीत येऊन उभी राहिली.

"तुम्ही माझ्या पाठीमागे माझ्या घरात गेलात!"

"गेले. तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

माफी इतक्या चटकन मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. तिचा राग ओसरला आणि त्याखालचं रडू वर आलं. "डॉक्टरांकडे मी बोलते. बँकेत मी. घरमालकाशी मी. पाच वर्षांची असल्यापासून. मी गेले तर ते काय करतील, सांगा ना? तुम्ही येणार आहात बोलायला?"

"मी नाही येणार," बाई म्हणाल्या. "ते काय करतील हे मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

"नाही."

"मग ज्यांना माहीत आहे त्यांना विचारूया की. शुक्रवारी अर्जाची मुदत संपते. तू नको म्हणालीस तर मी पुन्हा तो विषय काढणार नाही."

मुलगी नाक पुसून म्हणाली, "बोलवा."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर सगळे त्या चिमुकल्या खोलीत दाटीवाटीनं बसले. कर्णबधिर मुलांच्या शाळेतले एक सर दुभाषी म्हणून आले होते. बाईंनी मुलीला बजावलं, "आज तू कोणासाठी काही सांगायचं नाहीस. फक्त तुझं बोल."

पण तिला सुरुवातच करता येईना. इतक्या वर्षांत तिनं डॉक्टरांचे प्रश्न विचारले होते, बँकेचे विचारले होते, स्वतःचा असा एकही नाही. शेवटी तिनं हात उचलले.

"मी गेले तर तुमच्यासाठी कोण बोलेल?" सरांनी सांगितलं.

आईचे हात असे सुटले की सरांची तारांबळ उडाली. "तू जन्मायच्या आधी आम्ही दुकान टाकलं. जागा मिळवली, मशिनी घेतल्या, तुझ्या वेळी दवाखान्यात गेलो. तेव्हा कोण बोललं आमच्यासाठी? तू पोटातून बोललीस?"

वडील खदखदून हसले. मुलगी हसली नाही.

"मग मला सगळीकडे का नेत होतात?"

पुढचं आईनं सावकाश सांगितलं. "एकदा डॉक्टरांना सगळं तू समजावलंस. बाहेर येताना इतकी खूश होतीस! पुढच्या वेळी आपणहून पुढे झालीस. मग आम्ही कागद-पेन काढायचंच सोडलं."

"म्हणजे तुम्हाला माझी गरज नव्हती?"

"गरज कसली? लेक आहेस, म्हणून बरोबर नेत होतो."

मुलगी ओंजळीत तोंड लपवून रडली, अगदी लहान पोरीसारखी. वडील उठून तिच्या मागे उभे राहिले. बाईंचेही डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवायची काही खटपट केली नाही. अशा वेळी लपवायचं कशाला?

रडून झाल्यावर मुलीनं अर्ज भरायला स्वतःच संगणक चालू केला. आईनं खुर्ची ओढून तिला खेटून बैठक मारली. पडद्यावरच्या दगडांकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

"विचारतायत, हे नक्की काय शिकायला चाललीस," सर म्हणाले.

मुलीनं हात हवेत धरले आणि ती अडली. एक खूण केली, ती आईला पटली नाही. आईनं दुसरी सुचवली, त्यावर मुलीनं जोरजोरात मान हलवली. वडिलांनी मधेच तळहातावर तळहात ठेवला, त्यावर आणखी एक, कापडाच्या थप्प्या रचाव्यात तसा. मुलीचे डोळे चमकले. तिनं वरचा हात हळूच उचलून खाली डोकावल्यासारखं केलं आणि तिघंही एकदम ते करू लागले.

बाईंना राहवेना. त्यांनी सरांच्या बाहीला धरून कुजबुजत विचारलं, "काय म्हणतायत?"

"मलाही माहीत नाही," सर म्हणाले. "हा शब्द आत्ताच तयार होतोय."