महिला साथीदार पाहिजेत

मी एक जुनी ढोलक आहे. माझ्या अंगावर एक लांब चीर आहे, ती तारेनं आवळून बांधलेली आहे. दोन्ही बाजूंची कातडी मात्र कोरी करकरीत आहेत. म्हणजे अंग म्हातारं आणि तोंड तरणं, असा माझा अवतार! हसलात ना? हसा. पण माझी हकीकत पूर्ण ऐका, मित्रांनो.

मंगरूळपीरला दर्ग्याच्या रस्त्यावर गफ्फारभाईंचं लहानसं दुकान आहे. ढोलक बनवणं, ताशे-डफ मढवणं हेच त्यांचं काम. आंब्याच्या ओंडक्यातून त्यांनी मला कोरून काढलं. आठ दिवस ते मला नुसतं आतून तासत होते. मग बकऱ्याचं कातडं ताणून बसवलं, सुती दोरी ओवली, पितळेच्या कड्या घातल्या. शेवटी गाल माझ्याजवळ आणून त्यांनी थाप दिली आणि म्हणाले, "आवाज खुला है. ये घर में बैठनेवाली नहीं." मला केवढा अभिमान वाटला! पुढे बावीस वर्षं मी घरातच बसले, ते वेगळं.

मला विकत घेतलं आसेगावच्या देवमननं. ग्रामपंचायतीत नळाचं पाणी सोडायची नोकरी त्याला नुकतीच लागली होती. पहिल्या पगारातून त्यानं मला घेतलं ते बायकोसाठी. तिचं नाव पंचफुला. तिचा आवाज असा, की विहारात तिनं वंदना सुरू केली की बाहेर चपला काढणारे लोक तसेच उभे राहायचे. त्या आवाजाचं देवमनला भारी कौतुक होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मला त्याच्याबद्दल कडू बोलावं लागणार आहे.

पंचफुला एका गायन पार्टीत गाऊ लागली. पार्टीत पुरुष सात आणि बाई एकटी हीच. जयंतीच्या महिन्यात तर आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसायची. ती बाबासाहेबांची गाणी म्हणायची, पार्टीतला ढोलकवाला मला वाजवायचा, आणि माणसं मांड्यांवर ताल धरायची. "वा बाई, वा!" असं कुणी ओरडलं की मीही जरा जास्त घुमायचे. खोटं कशाला सांगू?

पार्टीची जीप होती, पार्टीचा मालक ती स्वतः चालवायचा. परत येताना एक ठरलेली रीत होती. मंगरूळपीरला आधी पेटी, बँजो, भोंगे उतरवायचे, कारण ती महागाची. मग वादक उतरायचे. गाणारी बाई सगळ्यात शेवटी, कारण तिचं गाव शेवटी. सगळ्याच पार्ट्यांत असं चालायचं आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. मी पंचफुलाची स्वतःची, म्हणून तिच्या मांडीवर असायचे.

एकदा एका गावचा दुपारचा कार्यक्रम आटोपून आम्ही निघालो. मंगरूळपीरला सगळे उतरले. जीपमध्ये मालक, पंचफुला आणि मी एवढेच राहिलो. दिवस कलला होता. आसेगावचा फाटा आला आणि मागे पडला. "थांबवा, भाऊ, गाव राह्यलं मागं," पंचफुला म्हणाली. मालक नुसता हसला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. तिनं हिसका दिला, त्यानं आणखी घट्ट धरलं. पुढे रस्ता उखडलेला होता, तिथे गाडी हळू झाली. त्याच क्षणी तिनं हात सोडवला, मला छातीशी धरलं आणि उडी टाकली. दगडावर तिचा डावा हात मोडला, माझं अंग चिरलं. जीप थांबली नाही. ती उठली आणि तुरीच्या वावरातून चालत घरी गेली.

घरी तिनं एवढंच सांगितलं, की मी गाडीतून पडले. आळीतल्या बायका म्हणाल्या, बाईच्या जातीनं कायले पार्टीत फिराव? हात जुळला, पण ती परत गायली नाही. साधं गुणगुणणंसुद्धा तिनं सोडलं.

मला खिळ्याला टांगलं. मग खिळ्यावरून माळ्यावर, माळ्यावर गोधड्यांच्या खाली. उंदरांनी माझं कातडं कुरतडलं. आणि मी मूर्ख, मी पंचफुलावर रुसले होते! मला वाटायचं, हिला माझी आठवण नाही. तिला माझ्याकडे बघवत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

पंचफुलाची मुलगी धम्मदीपा. मी माळ्यावर गेले तेव्हा ती रांगत होती. आता ती मंगरूळपीरला सेतू केंद्रात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. आवाज आईचा घेतला आहे, हट्ट कुणाचा घेतला ते विचारू नका. एका रविवारी तिनं मला खाली काढलं, ओढणीनं पुसलं आणि उचलून थेट गफ्फारभाईंकडे नेलं.

गफ्फारभाईंच्या दाढीचा केस न् केस पांढरा झाला होता. त्यांनी मला हातात घेतलं, चीर चाचपली, आणि तार आणायला आत गेले. मला रडू कोसळलं असतं, पण आम्हाला ती सोय नाही. आठवड्यानं मी तयार झाले तेव्हा त्यांची सून लतीफा पुढे आली. लग्नघरी बायकांच्या गाण्यांना ती ढोलक वाजवायची, पण कधी परक्या माणसांपुढे नाही. तिनं मला गुडघ्याखाली दाबलं आणि असा ठेका धरला, की धम्मदीपा दुकानाच्या पायरीवरच गाऊ लागली.

"आपली बायायची पार्टी काढू, लतीफाभाबी," धम्मदीपा म्हणाली.

"काढू ना! पन मले दिवस बुडायच्या आंधी घरी याव लागते," लतीफा म्हणाली. "अन् पेटी कोन वाजवन?"

तिथेच घोडं अडलं. पेटी वाजवणारी बाई शोधायची कुठे? धम्मदीपानं मोबाइलवर एक बॅनर बनवलं. गायन पार्ट्यांच्या पत्रकावर जसं असतं अगदी तसंच: वर तिचा फोटो, खाली नाव, गाव, फोन नंबर, आणि मध्ये मोठ्या अक्षरांत 'महिला साथीदार पाहिजेत'. जिल्ह्यातल्या जयंती मंडळांच्या जेवढ्या ग्रुपवर ती होती, तेवढ्यांवर तिनं ते टाकलं. पोरीची चूक झाली ती इथे. तसलं पत्रक असतं कार्यक्रमाची सुपारी मिळवायला, आणि ही त्यावर मैत्रिणी शोधायला निघाली होती.

फोन सुरू झाले. सगळे पुरुषांचे. कुणी म्हणे गाऊन दाखवा, कुणी म्हणे लग्न झालं का. चार दिवसांत धम्मदीपा फोन वाजला की दचकायला लागली. मग एक मेसेज आला. मी रूपाली, वाशीमला राहते, पेटी वाजवते. स्टेशनच्या मागे आमची सरावाची खोली आहे. बुधवारी चार वाजता ये. खोली लहान आहे, तेव्हा एकटीच ये.

धम्मदीपाला हर्ष झाला. तिनं तो मेसेज आईला मोठ्यानं वाचून दाखवला. पंचफुला भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"एकटी काहून?" तिनं विचारलं.

"खोली लहान हाय म्हनते ना, माय."

"लहान खोलीत पेटी मावते, ते रूपाली मावते, तू मावतं. तिसरी बाई मावत नाही? तिले म्हन, रविवारी विहारात ये, अकरा वाजता, वंदनेले सगळ्या बाया असतात. नाही जमत तं व्हिडिओवर पेटी वाजवून दाखव."

धम्मदीपानं तसं कळवलं. उत्तर आलं, कॅमेरा बिघडला आहे, तू ये तर खरी. पुन्हा तेच कळवलं, तर काहीच उत्तर आलं नाही, आणि दोन दिवसांनी तो नंबर बंद झाला. ती रूपाली खरी होती की नव्हती, कुणास ठाऊक. धम्मदीपा रडकुंडीला आली. "तुह्या भेवापायी गेली ते हातची," असं ती आईला म्हणाली. फार लागलं मला ते.

पंचफुला चिडली नाही. तिनं आधी ते बॅनर सगळीकडून काढायला लावलं. मग ती स्वतः उठली. मित्रांनो, जी बाई गाण्याचं नाव काढत नव्हती, ती बचतगटाच्या बैठकीत विचारू लागली, "तुमच्या गावात कोनी पेटी वाजवनारी हाय काय वं?" लतीफानं लग्नघरी जमणाऱ्या बायकांना विचारलं. बाईनं बाईला, तिनं तिच्या बहिणीला. महिनाभरात निरोप आला, की जवळच्या एका गावात निता नावाची अंगणवाडी मदतनीस आहे, भजनी बापाजवळ पेटी शिकलेली.

निता रविवारी अकराला विहारात आली ती नणंदेला सोबत घेऊन. आल्या आल्या म्हणाली, "राग नोका मानू. म्या बी तुमची चौकशी करूनच आली. तुमच्या गावात माही मावसबहीन हाय, तिले विचारलं."

"राग कायचा?" पंचफुला म्हणाली. "असंच कराव."

त्या दिवशी विहाराच्या व्हरांड्यात पार्टी उभी राहिली. पत्रकावर नंबर जाईल तो पंचफुलाचा, कुणाचाही फोन आला तरी ती उचलेल. सराव विहारातच, दार उघडं ठेवून. प्रवास एसटीनं. वाद्यांचं काय व्हायचं ते होवो, पण कुणी बाई शेवटी एकटी उरायची नाही, आणि घरी पोचली की प्रत्येकीनं फोन करायचा. हे शेवटचं पंचफुलानं प्रत्येकीकडून दोनदा वदवून घेतलं. का, ते बाकीच्यांना ठाऊक नव्हतं.

वाशीमला बचतगटांच्या मेळाव्यात आमचा पहिला कार्यक्रम ठरला. दुपारी दोनला. आदल्या संध्याकाळी धम्मदीपा माझी दोरी ओढून बघत होती, तेवढ्यात देवमन घरी आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"उद्या जायचं नाही," तो म्हणाला. "लय इचार केला म्या. मायचं काय झालं तुले माहीत हाय. जीपातून पडली, हात मोडला. आखीन कायले तेच?"

"बाबा, समद्यायले सांगून ठेवलं हाय—"

"नाही म्हटलं ना!"

धम्मदीपानं मला खाली ठेवलं. मला वाटलं, झालं, पुन्हा माळा. तेवढ्यात पंचफुला चुलीजवळून म्हणाली, "मी पडली नोती."

देवमननं तिच्याकडे पाहिलं.

"म्या उडी मारली. मालकानं हात धरला होता माहा, अन् गाडी फाट्यावर थांबवून नोता राह्यला. म्हनून उडी मारली."

धम्मदीपा आईजवळ सरकली आणि तिनं तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. देवमन खाली बसला.

"बावीस वर्सं झाली," तो म्हणाला. "मले काहून नाही सांगतलं?"

"सांगाले तं आली होती. वावरातून रडत रडत आली, मनात म्हटलं, घरी गेल्याबरोबर सांगीन. तुमी दारातच भेटले. माह्याकडं पाह्यलंच नाही तुमी. ढोलक घेतली हातातून, फिरवून पाह्यली अन् म्हटलं, फुटली काय वं?" पंचफुला थांबली. "मंग मी म्हटलं, हाव, फुटली. अन् तिथंच राह्यलं सांगाचं."

मित्रांनो, तो क्षण मला आठवत होता. त्या संध्याकाळी देवमननं माझ्या चिरेवरून हात फिरवला होता, आणि मला बरं वाटलं होतं! मोडका हात पदराखाली धरून ती बाजूलाच उभी होती. दोघांमध्ये मी होते. त्या रात्री मला स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी कधी वाटली नाही.

देवमननं तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, अगदी हळू, "लय लागलं होतं काय वं तुले?"

पंचफुलानं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. त्या वावरातल्या संध्याकाळनंतर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. धम्मदीपाही रडत होती. दुसऱ्या दिवशी जायचं की नाही, हे मग कुणी बोललंच नाही.

आम्ही गेलो. सकाळच्या एसटीनं चौघी जणी आणि मी. पंचफुला गायली नाही, खाली बायकांत बसून राहिली. लतीफाचा ठेका सुरुवातीला घाईत पडला, नितानं एक सूर चुकवला, धम्मदीपानं एक कडवं दोनदा म्हटलं. तरी मंडपातल्या बायका उठून टाळ्या वाजवत होत्या. दिवस बुडायच्या आत चौघी घरी पोचल्या, आणि तसे फोनही आले. अजून आमची पार्टी लहान आहे. कार्यक्रम कधी मिळतो, कधी नाही.

माझ्यासारख्या वस्तू आपली हकीकत संपवताना म्हणतात, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मलाही अडगळ आवडत नाही. पण मी ते मागणार नाही. माझं कातडं बदलता येतं, चिरेला तार बांधता येते. तुमची बहीण, तुमची आई गायला-वाजवायला बाहेर निघाली, तर तिला अडवू नका. सोबत कोण आहे, येणार कशी, कुठे भेटणार, एवढं विचारा आणि तिला जाऊ द्या. आणि ती परत आली, की तिच्या हातात मी असेन, फुटलेली असेन किंवा धड असेन, माझ्याकडे बघू नका. मला ओट्यावर ठेवा. आधी तिला विचारा.